बारदान वजा जाता

"आबा, इथे सही कर," म्हणून नातीनं कागद माझ्यापुढे सरकवला, टोपण काढून पेन माझ्या बोटांत दिलं, तेव्हा मी टेबलाच्या फळीतल्या एका गाठीकडे बघत होतो. गाठ माणसाच्या कानासारखी होती. रविवारची दुपार. जेवणं झालेली, टेबल पुसलेलं पण मध्ये मध्ये ओलं राहिलेलं, आणि त्या ओल्या जागा चुकवून तीन कॉलेजांचे कागद तीन ढिगांत मांडलेले. मी सहीला वाकलो. जन्मभर सह्याच केल्या, त्यामुळे हात माझी वाट न बघता निघतो. पण जुनी खोड अशी, की सहीच्या वरची ओळ वाचल्याशिवाय टोक टेकत नाही. ओळ होती : 'वरील हकीकत माझ्याच बाबतीत घडलेली असून ती संपूर्णपणे खरी आहे.' टोक कागदाच्या बोटभर वर थांबलं. ओळीच्या वर दीड पान मजकूर. मथळा : 'माझ्या आजोबांनी सोडलेली जागा'. मला आधी वाटलं, बसमधली असेल. मी बसमध्ये जागा दिल्याच्या बऱ्याच गोष्टी सांगितलेल्या आहेत. एकदा एका अवघडलेल्या बाईला दिली आणि माझा थांबा येईपर्यंत त्या जागेवर हक्क सांगणारे दोघं झाले, वगैरे. पण दुसऱ्याच वाक्यात माझा धाकटा भाऊ आला. आणि डाव्या बाजूला, जिथे आता दाढ उरलेली नाही, तिथे काहीतरी बारीक टोचलं.

मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून हिंडलो, तराजू तपासले, बरोबर निघाले त्यांवर शिक्का मारला. माझा शिक्का एकेचाळीस नंबरचा. या हातानं एकाही लबाड काट्यावर शिक्का मारला नाही आणि या तोंडानं एकही गोष्ट जशी घडली तशी सांगितली नाही. घरात दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहे आणि दोन्हींचा कुणाला त्रास नाही. एक वाणी होता, त्यानं मांजराला शिकवलं होतं, गिऱ्हाईक पैसे काढायला खाली बघेल तेव्हा शेपूट पारड्यावर टाकायची. एक सराफ तोलताना सुस्कारा सोडायचा, आणि त्या सुस्काऱ्यावर त्यानं दोन मजले चढवले. कोळशाच्या वखारीतला काटा दुपारी तीननंतर पोत्यामागे पाव किलो जास्त दाखवायचा, कारण शेजारच्या इमारतीची सावली पारड्यात पडायची आणि तिचंही वजन धरलं जायचं. (खरं एवढंच, की उन्हानं दांडीची एक बाजू तापून केसभर लांब व्हायची. पण हे कोण ऐकून घेणार?) माझ्या एवढ्या गोष्टींतून घरानं एकच खरी धरली होती, ती ही, समोरच्या दीड पानातली. तिच्यात मांजर नव्हतं. ती मी नेहमी हळू आवाजात सांगायचो, अर्ध्यावर थांबायचो, आणि विषय बदलायचो. खोटं सांगण्याची ही सगळ्यांत जुनी रीत आहे, पण ती फार वेळा वापरायची नसते.

नातीला मी पावशेर म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की मी परिचारिकेला म्हणालो, बाई, तुमचा काटा आधी शून्यावर आणा. तिचं पाळण्यातलं नाव कॉलेजांच्या कागदांवर छापलेलं बघितलं की मला अजून वाटतं, टपाल शेजाऱ्यांचं आलंय. पावशेरला दगड शिकायचे आहेत. लहानपणापासून तिच्या खिशात दगड. कपडे धुण्याच्या यंत्राचं पिंपाला तिनं दोनदा पोचे पाडले. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून भिंगं बदलत विचारते, हे बरं की आधीचं? आणि आता? ती माझ्यावर गेलेली नाही. तिला साधा विनोद धड सांगता येत नाही. शेवट आधी सांगून टाकते आणि मग 'नाही, थांबा' म्हणत सुरुवातीला जाते. जावई बसकंपनीत वेळापत्रकं आखतो. कुठलीही गोष्ट रकान्यांत घातल्याशिवाय त्याला दिसत नाही. आजही त्यानं जुन्या कॅलेंडरची दोन पानं उलटी चिकटवून तक्ता केला होता. वरच्या ओळीत 'सुटणे' आणि 'पोचणे' लिहिलं नव्हतं हेच नशीब.

आकडे मी रकमेत सांगत नाही. रक्कम ऐकली की माणसं गोष्ट सोडून आपापला खिसा चाचपतात. सगळ्यांत महाग कॉलेजचा वर्षाचा खर्च शंभर धरा. ते नदीकाठचं. नावाजलेलं, माहितीपुस्तकात मुलं कायम गवतावर बसून हसताहेत, परीक्षा कुणाचीच दिसत नाही. दुसरं जवळचं, दोन बस बदलून जायचं, राहायचा खर्च नाही म्हणून चाळीस. तिसरं टेकडीवरचं, अकरा तासांवर, नव्वद. त्याच्या मागे जुनी खाण आहे आणि पहिल्याच आठवड्यात मुलांना हातोड्या देऊन तिथे सोडतात. मुलगी-जावयानं तीन रविवार आकडेमोड करून आपली ताकद ठरवली होती : वर्षाला पंचवीस. वर एक दाणा नाही. टेकडीवाल्यांनी नेहमीची शिष्यवृत्ती चाळीस दिली होती आणि वर खास तीस. ती तीस एका कारखानदाराच्या नावाची. त्यानं म्हणे भावंडांसाठी शाळा सोडली होती, म्हणून ज्याच्या घरात कुणी दुसऱ्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं असेल अशा मुलालाच ती मिळते. पावशेरनं माझ्यावर लिहून पाठवलं. त्यांना आवडलं. तीस मंजूर झाले, फक्त हकीकतीतला माणूस हयात असल्यास त्याची सही हवी. सोमवारी दुपारी बारापर्यंत.

"थांबा," मी पेन खाली ठेवलं. "बारदान वजा केलंत का?"

"आता हे काय, बाबा?" मुलगी म्हणाली.

"पोत्यासकट साखर तोलली तर गोणपाटाचे पैसे कोण देतं? तुम्ही साखरेच्या भावानं गोणपाट घेताय. या नदीकाठच्यांनी 'एकूण मदत ऐंशी' लिहिलंय. त्यात कर्ज किती?"

जावयानं बोट फिरवलं. "चाळीस."

"कर्ज म्हणजे मदत होय?"

"आत्ता तर मिळतात ना, बाबा."

"मीही करतो मग तुला मदत. उद्या तुझ्याकडून दुपटीनं घेतो. आणि हे 'आवारातलं काम, दहा'?"

"मी ग्रंथालयात काम करीन," पावशेर म्हणाली.

"कर. पण ते दहा तुझ्या घामाचे. त्यांनी त्यांच्या पारड्यात का टाकले?"

जावयाला हे पटलं. त्यानं नवा रकाना आखला आणि त्याला 'बारदान' असं नाव दिलं, अगदी सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ. मी पुढे वाकून एकेक ओळ उलगडत गेलो. त्यांना वाटत असेल, म्हातारा रंगात आलाय. मी मनातल्या मनात नदीकाठच्या कॉलेजचं वजन कमी व्हावं म्हणून जीव टाकत होतो. ते पंचविसाच्या आत आलं असतं तर तो टेकडीवरचा कागद आपोआप बाजूला पडला असता, त्यावरची ओळही पडली असती, आणि मी माझ्या खुर्चीत जाऊन झोपलो असतो. एकतीस वर्षांत किती दुकानदारांना असं बघितलंय मी, काट्याकडे बघत ओठ हलवताना. पण काट्यासमोर बसलं की माझा हात लबाडी करत नाही, त्याला ती येतच नाही. ऐंशीतून कर्ज गेलं, घाम गेला, उरले तीस. त्या तिसांवर बारीक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'केवळ प्रथम वर्षासाठी'. मुलीनं ते माझ्या आधी वाचलं; डोळ्यांचाच धंदा तिचा. नदीकाठ सत्तरावर गेला. जवळच्यांनी पंधरा दिले होते, निखळ, चारही वर्षं, राहिले पंचवीस. टेकडीवाल्यांच्या नव्वदातून चाळीस आणि तीस गेले, राहिले वीस, त्यातले पाच पावशेर काम करून भागवणार. जावयानं विसाभोवती गोल काढला. मग दुसऱ्या रंगानं आणखी एक काढला.

"तीस धरले नाहीत तर?" मी विचारलं.

"का नाही धरायचे?"

"नुसतं विचारतोय."

"तर पन्नास. म्हणजे विषय संपला. पण धरायचे नाहीत कशाला? मंजूर झालेत."

"जवळचं कॉलेज काय वाईट आहे? पंचविसात बसतंय. संध्याकाळी घरी."

पावशेरनं तिच्यासमोरचा एक गोटा उचलला, कागद उडू नये म्हणून ठेवलेला. "तिथे दगड नाहीत, आबा," ती म्हणाली. तक्रार नव्हती. दुकानात एखादी वस्तू नाही हे सांगावं तसं.

आम्ही दोघं भाऊ. तो चौदा महिन्यांनी लहान, पण मी मध्ये एक वर्ष नापास झालो म्हणून दोघं एकदमच शाळेतून बाहेर पडलो. वडील त्याच शाळेत घंटा वाजवायचे. त्यांनी एका संध्याकाळी आम्हाला समोर बसवून सांगितलं, एकाची फी आहे, दुसऱ्याची नाही, कोण जाणार ते तुमचं तुम्ही ठरवा, मला निवडायला लावू नका. घंटेच्या वेळा सोडून त्यांनी कधी काही ठरवलं नव्हतं. आम्ही जिन्यात गेलो. जिन्याला रॉकेलचा वास होता आणि तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला, ती पायरी आम्ही न बघता ओलांडायचो. स्वयंपाकघरातली काडेपेटी मी आणली. लांब काडी कॉलेजात, आखूड काडी कामाला. मी तोडणार, तो ओढणार. मी पाठ फिरवली. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी बरेचदा शोधलं आहे, आणि तिथे काहीच सापडत नाही, रिकामं पारडं सापडतं. फक्त दोनदा झालेला बारीक आवाज आठवतो. दोन्ही आखूड. मूठ पुढे केली. त्यानं आधी एका काडीला बोट लावलं, मग दुसरीला, आणि पहिलीच ओढली. बघितली. "बरं," म्हणाला. माझी दाखव, असं म्हणाला नाही. मी मूठ उघडली नाही. पण काही तरी करायला हवं होतं, म्हणून उरलेली काडी तोंडात घातली आणि तिसऱ्या पायरीवर बसून दात कोरत राहिलो, जेवणं व्हायची होती तरी.

तो काचेच्या कारखान्यात लागला. मी कॉलेजात रसायनशास्त्रात दोनदा आपटलो, दोन वर्षांनी बाहेर आलो, खात्याची परीक्षा दिली आणि शिक्का मिळवला. तो भट्टीसमोर उभं राहून संध्याकाळच्या वर्गांना गेला, तिशीत पदविका घेतली, पुढे भट्ट्यांतला जाणकार म्हणून लांब लांबून बोलावणी यायची. म्हणजे शेवटी शिकलेला तो आणि अर्धवट सोडलेला मी. त्यामुळे मुलगी आठ वर्षांची असताना तिनं जेव्हा विचारलं, बाबा, तुम्ही कॉलेज का सोडलं, तेव्हा मला काही रचावं लागलं नाही. नुसती पारडी बदलली. तराजू तपासताना हेच करतात. रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हणून तो खरा ठरत नाही. दोन्हीकडे वजनं ठेवायची, काटा बघायचा, मग डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे. खरा तराजू तक्रार करत नाही. लबाड असला तर लगेच झुकतो. माझी गोष्ट सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या आठवणीत एकोणचाळीस वर्षं सरळ उभी होती. एकदाच धोका झाला. भाऊ जेवायला आला होता, मुलगी नऊ वर्षांची, तिनं त्याच्यासमोरच ती गोष्ट काढली. मी पानातल्या पाण्याच्या थेंबाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "खरंय. दादा नसता तर मी काचेच्या भट्टीपर्यंत पोचलोच नसतो." सगळ्यांचे डोळे भरून आले. मग त्यानं पाणी मागितलं, ग्लास उजेडाकडे धरून त्यातला बुडबुडा बघितला, ही त्याच्या धंद्याची खोड, आणि प्यायला. पुढचं मला आठवत नाही. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"आबा, पेन सुकेल," पावशेर म्हणाली.

"ही गोष्ट उलटी आहे," मी म्हणालो.

कॉलेजं, तक्ता, दोन रंगांचा गोल, सगळं टेबलावर तसंच होतं. मी जिना सांगितला, वडील सांगितले, काड्या सांगितल्या. गोष्ट सांगताना माझा हात आपोआप उठतो, तो आज उठला नाही. सांगून होईपर्यंत जावयाच्या ओठांवर हसू जमलेलं होतं.

"बाबा, सावलीचं वजन झालं, आता काड्या! पण आज नको हं. आज खरंच काम आहे."

"मी खरंच सांगतोय."

"सराफाच्या सुस्काऱ्यालाही तुम्ही असंच म्हणाला होतात. सराफाची शपथ घेतली होतीत."

मुलगी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघते तशी. "समजा खरं आहे," ती म्हणाली. "सही करा."

"अगं..."

"कुणाचं काय जातंय? काका गेला. काकू गेली. त्यांना ना मूल ना बाळ. तुम्ही जन्मभर वाट्टेल ते सांगितलंत, मांजरं काय, सावल्या काय, आम्ही ऐकलं. पाहुण्यांसमोर माना डोलावल्या. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्हाला खरं बोलायची हुक्की यायची ती नेमकी माझ्या पोरीच्या कागदावर?"

"सही माझी आहे. एकेचाळीस नंबर..."

"तो शिक्का खात्यात जमा झाला, बाबा! वीस वर्षांपूर्वी! पावती तुमच्या कपाटात आहे."

हे बरोबर होतं. पावती आहे. मला त्या वेळी तिचा राग आला नाही, कौतुकही वाटलं नाही. मी फक्त बघत होतो, की तिच्या गळ्याची एक शीर वर येते तशीच माझ्या आईचीही यायची. पावशेरनं हातातला गोटा खाली ठेवला.

"तुझी काडी कुठे गेली?"

"काय?"

"त्यानं एक ओढली. दुसरी तुझ्या मुठीत होती. तिचं काय केलंस?"

"दात कोरले."

"मग हे खरं आहे," तिनं तिच्या बापाला सांगितलं.

"कशावरून?"

"आबाच्या गोष्टीत कुणी दात कोरत नाही. एवढं बारीक तो कधी आणत नाही. त्याच्या गोष्टीत ती काडी उडून कोळशाच्या वखारीत पडली असती."

जावयाचं हसू गेलं. त्यानं तक्त्यावरच्या विसाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं, शेवटची बस चुकली की कंट्रोलर ठेवतो तसं. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेले ग्लास परत धुऊ लागली. मला वाटलं, संपलं. जवळचं कॉलेज, दोन बस. पण पावशेरनं तो कागद उचलला होता आणि सहीच्या खालचा, आम्ही कुणीच न वाचलेला भाग ती वाचत होती. तिथे दुसरी चौकट होती. 'सदर व्यक्ती हयात नसल्यास, ज्यांच्यासाठी शिक्षण सोडले गेले त्यांची सही.'

"म्हणजे तुझी," ती म्हणाली. "फक्त खालच्या चौकटीत. वरचं मी परत लिहिते."

"अगं, पण मंजूर झालेलं आहे!" आतून तिची आई ओरडली. पाण्याच्या आवाजातही तिला सगळं ऐकू येत होतं. "आता बदललंत तर ते परत विचार करतील. मग नाही म्हणतील!"

"म्हणू देत."

"आणि मग?"

"मग दोन बस," पावशेर म्हणाली. तिच्या आवाजात शौर्य वगैरे काही नव्हतं.

तिनं दीड तास लिहिलं. मधून मधून विचारायची : पायरी कितवी? काडेपेटीत किती काड्या होत्या? काड्या किती ते मला माहीत नव्हतं. तिनं 'माहीत नाही' असंच लिहिलं. मी खालच्या चौकटीत सही केली, आणि सहीखाली, हाताच्या सवयीनं, एकेचाळीस आकडा घातला. मथळा तिनं बदलला नाही. फक्त 'आजोबांनी'च्या जागी 'आजोबांच्या भावानं' केलं.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या मदत कचेरीतून फोन आला. पावशेरसाठी नव्हता, मलाच बोलवा म्हणाले. बाई वयानं मध्यम असाव्यात, बोलताना मागे कुठेतरी छपाईयंत्र चालू होतं. त्यांनी सही तुमचीच का, आकडा कसला, वगैरे विचारलं. मग म्हणाल्या, "आजोबा, एकच प्रश्न आहे. समिती आज बसणार आहे. तुमच्या भावाला माहीत होतं का, की दोन्ही काड्या आखूड होत्या?"

"का?"

"माहीत असून गेले असतील तर त्यांनी जागा सोडली असं होतं. माहीत नसेल तर..." त्या थांबल्या. चांगल्या घरच्या होत्या. "तर त्यांची काढून घेतली असं होतं. मग हा निधी लागू होत नाही."

समोर पावशेर उभी होती, दाराच्या चौकटीला पाठ लावून. मुलगी दुकानात जायला निघालेली, एका पायात चप्पल. एक शब्द पुरेसा होता. मी आयुष्यात किती वेळा 'हो' म्हटलं असेन याचं मोजमाप नाही. हत्ती बसमध्ये चढला होता का, हो. वाणी मांजराला पगार द्यायचा का, हो, महिन्याला अर्धा शेर दूध. जिन्यातला हात मला दिसत होता. त्याचं बोट एका काडीवर, मग दुसऱ्या काडीवर, मग पुन्हा पहिलीवर. त्या बोटाला काय कळलं ते बोटालाच ठाऊक.

"माहीत नाही," मी म्हणालो.

पलीकडे छपाईयंत्र चालू राहिलं. "तुम्ही हो म्हणालात तरी आम्हाला तपासता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हणूनच," मी म्हणालो.

समिती दुपारी तीनला बसेल, काही आठवलं तर त्याआधी कळवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी प्रश्न काय होता ते दोघींना सांगितलं. एका पायातल्या चपलेनिशी मुलगी जेवणाच्या टेबलापाशी आली, बसली, आणि त्या कानासारख्या गाठीवर बोट फिरवत राहिली.

"काका जेवायला आला होता," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची. मी तुमची कॉलेजची गोष्ट काढली, आणि तो म्हणाला, दादा नसता तर भट्टीपर्यंत पोचलो नसतो. मग पाणी प्यायला. तुम्ही ताटातच बघत होतात. तो ग्लास खाली ठेवून खिशात हात घालून काहीतरी शोधत बसला. मला वाटलं, मला चॉकलेट देतोय. बराच वेळ शोधलं. आधी रुमाल निघाला, मग किल्ल्या. मग काडेपेटी. नवी कोरी, वर बोटीचं चित्र, पिवळी बोट. तो विडी ओढत नव्हता, सिगरेट नाही, काही नाही. मला कळेना याला काडेपेटी कशाला. त्यानं ती टेबलावरून सरकवत सरकवत तुमच्या ताटापाशी आणली." तिचं बोट गाठीवरून निघून टेबलावरून माझ्याकडे आलं आणि थांबलं. "आणि म्हणाला, 'घे दादा. दात कोर.'"

घरात कुठेतरी नळ ठिबकत होता. मला बोट आठवली नाही. पेटी आठवली नाही. पाण्याच्या ग्लासापुढचं मला काहीच आठवत नव्हतं, आणि ते का आठवत नाही हे कुणाला सांगता आलं नसतं. दात कोरल्याचं मी जन्मात पहिल्यांदा रविवारी बोललो होतो, याच टेबलाशी, हिच्यासमोर. त्याला आज चार दिवस. मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा सरळ, आवाज हळू, आणि शेवट अगदी शेवटी. जिला विनोद सांगता येत नाही ती ही बाई, हिनं आधी रुमाल काढला, मग किल्ल्या काढल्या. डोळे ओले होते, पण माझेही असायचे, पाहिजे तेव्हा.

"लाव फोन," पावशेर मला म्हणाली. "सांग त्यांना."

"मी नाही," मी म्हणालो. "मी तोललेलं नाही. जिनं पाहिलं तिनं सांगावं, आणि स्वतःच्या नावानं."

मी फोन मुलीपुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. हात पुसायला रुमाल नव्हता म्हणून साडीला पुसला, आणि नंबर लावला. पलीकडे यंत्राचा आवाज आला, मग बाईंचा. मुलगी पहिल्यापासून सांगू लागली : जेवणाचं टेबल, ग्लास, उजेडात धरलेला बुडबुडा, रुमाल, किल्ल्या. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो, डोळे मिटले आणि ऐकत राहिलो. अजून पेटी बाहेर यायची होती. मला जीभ दाढेच्या रिकाम्या जागेवरून काढता येईना. आणि मग तिनं सांगितलं, बोट पिवळी होती, आणि शीड एका बाजूला फाटलेलं होतं. आणि मी, एकेचाळीस नंबर, डोळे मिटून त्या फाटक्या शिडाकडे बघत होतो, स्वच्छ दिसत होतं मला ते.